जहाजाचा अपघात, चौकशी आणि आपला व्यापार

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 18 नोव्हेंबर 2025 रोजी ‘डाली’ या मालवाहू जहाजाच्या अपघाताचे कारण जाहीर केले. सिंगापूरचा झेंडा लावलेले हे जहाज 26 मार्च 2024 च्या रात्री बाल्टिमोर बंदरातून कोलंबोकडे निघाले होते. दीडच्या सुमारास त्यावरची वीज गेली, सुकाणू चालेना, आणि सुमारे 300 मीटर लांबीचे ते धूड फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर जाऊन आदळले. पूल कोसळला. पुलावर रात्रपाळीत रस्तादुरुस्ती करणारे सहा मजूर मरण पावले. वीस महिने चौकशी चालली आणि निघाले काय? एका वायरच्या टोकाला नावाची पट्टी चुकीच्या जागी बसवलेली होती. पट्टीमुळे वायर जोडणीत पुरती शिरली नाही, ढिली राहिली, आणि एके रात्री सुटली. त्यामुळे ब्रेकर पडला आणि सारे जहाज अंधारात गेले.

त्या जहाजावर एकवीस माणसे होती. वीस भारतीय आणि एक श्रीलंकेचा. अपघातानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांच्याविषयी काय काय बोलले गेले ते वाचकांना आठवत असेल. भारतीय खलाशी म्हणजे लंगोटी लावलेली अडाणी माणसे, असे दाखवणारे एक व्यंगचित्र जगभर फिरले. वस्तुस्थिती अशी की, जहाज बेकाबू झाल्याची सूचना वेळेवर गेल्यामुळेच पोलिसांना पुलावरची वाहने अडवता आली आणि कित्येकांचे जीव वाचले. अमेरिकेचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनीही ते बोलून दाखवले. चौकशी पुरी होण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळे होणाऱ्यांना अशा गोष्टींशी काही देणेघेणे नसते.

आमचा धंदा कपड्याचा. जहाजाच्या यंत्रांत आम्हाला गती नाही. तरीही या पानावर आम्ही हा विषय घेत आहोत, कारण समुद्राशी आपल्या समाजाचे नाते दुहेरी आहे. एकीकडे रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यातील कोकणी मुसलमानांच्या घरांतून पिढ्यान्पिढ्या माणसे जहाजावर जात आली. आजोबा आगबोटीवर कोळसा टाकत, बाप सारंग झाला, मुलगा आता इंजिनिअर किंवा सेकंड ऑफिसर आहे. दुसरीकडे भिवंडी, मालेगाव, मुंबई येथील आपले व्यापारी आणि कारखानदार न्हावाशेवाहून माल मागवतात, माल पाठवतात. म्हणजे जहाजावर कधी आपला माणूस असतो, कधी आपला माल. जहाजाला काही झाले की दोघांचाही हिशोब त्या चौकशीत अडकतो. असे असूनही ही चौकशी असते काय, ती कोण करतो आणि कशासाठी करतो, याची माहिती आपल्यात फारच थोड्यांना आहे.

हकीकत अशी आहे की अपघातानंतर एक नव्हे, दोन चौकश्या होतात. पहिली सुरक्षेची. जहाज बुडाले, माणूस दगावला किंवा समुद्राचे भारी नुकसान झाले, तर ज्या देशाचा झेंडा त्या जहाजावर आहे त्या देशाने चौकशी करावी असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा नियम आहे. 1 जानेवारी 2010 पासून तो बंधनकारक आहे. या चौकशीत दोष कोणाचा, भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्नच विचारला जात नाही. असे का झाले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, एवढेच शोधायचे असते. इंग्लंडमध्ये अशी स्वतंत्र शाखा 1989 साली निघाली. त्याआधी दोन वर्षे, मार्च 1987 मध्ये, ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दार उघडे ठेवून बंदराबाहेर पडली, आत पाणी भरले आणि 193 माणसे गेली. दार लावणारा कामगार झोपला होता हे खरे होते. पण दार लागले की नाही हे वर उभ्या असलेल्या कप्तानाला कळण्याची काही सोयच कंपनीने केली नव्हती, हेही चौकशीत निघाले. झोपलेल्या माणसाला पकडून मोकळे झाले असते, तर ही दुसरी गोष्ट दडूनच राहिली असती.

दुसरी चौकशी पोलिसांची आणि कोर्टाची. ती गुन्हेगार शोधते. तिचीही गरज आहेच, तिला आमचा विरोध नाही. परंतु दोन्ही चौकश्या एकमेकींत मिसळल्या की पहिली मरते. माणसाला एकदा कळले की आपले बोलणे आपल्याच गळ्याला लागणार आहे, तर तो खरे कशाला सांगेल? म्हणूनच अमेरिकेत सुरक्षा मंडळाचा अहवाल भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, असा कायदा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांतही खलाश्याची जबानी घेताना त्याला चौकशीचा हेतू सांगावा, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा, स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क समजावून द्यावा आणि जबानी झाली की लवकरात लवकर घरी जाऊ द्यावे, असे लिहिलेले आहे. लिहिलेले आहे, एवढेच. ‘डाली’वर एप्रिल 2024 मध्ये एफ.बी.आय.चे लोक चढले, खलाश्यांचे फोन जप्त झाले. घरच्यांशी बोलणे तर सोडाच, बँकेची बिले भरणेही कठीण झाले आहे, अशी तक्रार खलाशी संघटनांना करावी लागली. ही माणसे तोवर कोणत्याही गुन्ह्याखाली आरोपी नव्हती.

कोरियातले प्रकरण याहून वाईट. 7 डिसेंबर 2007 रोजी ‘हेबेई स्पिरिट’ नावाचे तेलवाहू जहाज कोरियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभे होते. लक्षात घ्या, उभे होते. वादळी हवेत क्रेन वाहून नेणारा एक तराफा ओढणाऱ्या बोटींच्या दोरापासून सुटला आणि येऊन या जहाजावर आदळला. दहा हजार टनांहून जास्त कच्चे तेल समुद्रात गेले. कोरियाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी तेलगळती. लाखो लोक हाताने किनारा पुसायला आले, मासेमारी करणारी हजारो घरे उघडी पडली. लोकांचा संताप अगदी रास्त होता. तराफ्याच्या बाजूच्या लोकांवर कारवाई झालीच, पण उभ्या जहाजाचा भारतीय कप्तान आणि भारतीय चीफ ऑफिसर यांनाही देश सोडू दिला नाही. जून 2008 मध्ये खालच्या कोर्टाने दोघांना निर्दोष ठरवले. तरी सोडले नाही. डिसेंबर 2008 मध्ये अपिलाच्या कोर्टाने निकाल फिरवला, कप्तानाला अठरा महिन्यांची आणि चीफ ऑफिसरला आठ महिन्यांची सजा दिली आणि दोघे तुरुंगात गेले. भारतातील दर्यावर्दी संघटनांनी निदर्शने केली, जगभरच्या जहाजमालकांनी आवाज उठवला. एप्रिल 2009 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाची सजा काढून टाकली, प्रदूषणाबद्दलचा दंड तेवढा राहिला. जूनमध्ये दोघे घरी आले. दीड वर्ष गेले. कोरियाच्या सागरी न्यायाधिकरणाने जहाजाच्या माणसांवर दोषाचा काही भाग टाकला होता. ज्या हाँगकाँगचा झेंडा जहाजावर होता, तिथल्या अधिकाऱ्यांना मात्र तसे दिसले नव्हते. घटना एकच, सरकारी चौकश्या दोन, आणि निष्कर्ष दोन. बाजारात एकाच ताग्याचे दोन माप निघाले तर आपण गज तपासतो. इथे गज कोणी तपासायचा?

तेव्हा आपल्यातले काहीजण म्हणतील की परदेशी कोर्टे आपल्या माणसाला बळीचा बकरा बनवतात, दुसरे काय. आम्हाला हे बोलणे निम्मेच मान्य आहे. आपला माणूस म्हणून तो निर्दोष, ही नियत दुरुस्त नाही. गवाही देताना जवळच्या नातलगाचीही भीड ठेवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. म्हणून आता दुसऱ्या बाजूचीही एक घटना पाहू.

25 जुलै 2020 च्या संध्याकाळी ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे, पनामाचा झेंडा लावलेले मोठे रिकामे जहाज चीनहून सिंगापूरमार्गे ब्राझीलला जाताना मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या खडकावर चढले. 6 ऑगस्टपासून तेल गळू लागले, सुमारे एक हजार टन इंधन निळ्या खाडीत पसरले, आणि 15 ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. मॉरिशसमध्ये मराठी बोलणारी कुटुंबे आहेत, आपल्या बिरादरीची दुकाने आहेत. तिथल्या सर्वसामान्य लोकांनी उसाच्या चिपाडाचे आणि कापडाचे लांब लोड शिवून तेल अडवले. जहाजाचा कप्तान भारतीय होता. अपघाताच्या दिवशी जहाजावर एका खलाश्याच्या वाढदिवसाची मेजवानी होती, कप्तानाने मद्य घेतले होते, आणि घरच्यांशी बोलण्यासाठी मोबाईलचा सिग्नल मिळावा म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेले होते. हे त्याने कोर्टात कबूल केले. डिसेंबर 2021 मध्ये त्याला आणि श्रीलंकेच्या चीफ ऑफिसरला वीस-वीस महिन्यांची सजा झाली. यात अन्याय झाला असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या हाती वीस माणसांचे जीव आणि एका देशाचा किनारा अमानत म्हणून दिला आहे, त्याने पहाऱ्यावर असताना शुद्धीत असले पाहिजे. मद्याबद्दल आपल्या वाचकांना आम्ही वेगळे काय सांगावे.

परंतु सुरक्षेच्या चौकशीत जे निघाले ते याच्याही पुढचे आहे. जहाज भाड्याने घेणाऱ्या मित्सुई ओ.एस.के. कंपनीने डिसेंबर 2020 मध्ये स्वतःच सांगितले की, मूळ योजनेप्रमाणे जहाज बेटापासून 22 सागरी मैलांवरून जायचे होते. दोन दिवस आधी ती योजना बदलून अंतर पाच मैलांवर आणले. अपघाताच्या दिवशी ते आणखी कमी करून दोन मैल करायचे ठरले. आणि त्या किनाऱ्याचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा जहाजावर नव्हता. दूरवरून जाण्यापुरता नकाशा घेऊन ते खडकाशेजारून चालले होते. आता विचार करा. योजना दोन दिवस बदललेली राहिली, जहाजावरच्या कोणालाच ते खटकले नाही. किनाऱ्यावरच्या कार्यालयातूनही कोणी विचारले नाही. शिवाय घरी फोन करण्यासाठी माणसाला तीनशे मीटरचे जहाज किनाऱ्याला न्यावे लागते, ही अवस्था आली कुठून? ते वर्ष कोरोनाचे होते. बंदरे बंद, बदली माणसे येईनात, आणि त्या वर्षाअखेर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. एका कप्तानाला तुरुंगात टाकून हा प्रश्न सुटत नाही. पुढे खलाश्यांच्या आंतरराष्ट्रीय कराराला दुरुस्ती झाली आणि डिसेंबर 2024 पासून जहाजावर शक्य तेथे इंटरनेटची सोय मालकाने द्यावी असा नियम आला. ‘वाकाशिओ’सारख्या घटनांनी या मागणीला जोर दिला, असे आमचे मत आहे. जहाजावर मुलगा असलेल्या आईला या नियमाची किंमत समजावून सांगायला नको.

आता गैरवर्तनाचा जो प्रकार आम्हाला व्यापारी म्हणून सर्वांत जास्त कळतो, त्याकडे येतो. जहाजाच्या इंजिनखोलीत तळाला तेलकट पाणी साचते. ते समुद्रात सोडायचे तर यंत्रातून गाळून, दहा लाख भागांत तेलाचे पंधरा भागांपेक्षा जास्त प्रमाण नसेल तेव्हाच सोडायचे. नाहीतर साठवून बंदरावर पैसे देऊन उतरवायचे. प्रत्येक वेळी तेलाच्या नोंदवहीत लिहायचे: किती काढले, कुठे टाकले, कोणी सही केली. काही ठिकाणी पैसा आणि कष्ट वाचवण्यासाठी यंत्राला वळसा घालणारी एक नळी जोडतात आणि रात्रीच्या वेळी तेल सरळ समुद्रात सोडतात. या नळीला जहाजी लोक ‘जादूची नळी’ म्हणतात. वहीत मात्र लिहिलेले असते की सारे कायदेशीर झाले.

अमेरिकेत यावर फार कडक खटले चालतात, आणि त्यांतली खुबी वाचकांनी ध्यानात घ्यावी. तेल बहुतेक वेळा अमेरिकेच्या हद्दीबाहेर, खोल समुद्रात टाकलेले असते. त्यावर अमेरिकेचा हात पोचत नाही. पण जहाज अमेरिकेच्या बंदरात आले आणि खोटी वही तपासनिसासमोर ठेवली की गुन्हा अमेरिकेत घडतो. सजा होते ती खोट्या वहीची. आपल्या कीर्द-खतावणीत दोन नंबरचे आकडे लिहिणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्यावे. प्रिन्सेस या प्रवासी जहाज कंपनीला डिसेंबर 2016 मध्ये चार कोटी डॉलर्सचा दंड भरायला लावला. मुद्दाम केलेल्या सागरी प्रदूषणासाठी तोवर इतका मोठा दंड कोणालाही झाला नव्हता. कंपनीच्या ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या जहाजावर 2005 पासून हा प्रकार चालू होता. ऑगस्ट 2013 मध्ये नवीन लागलेल्या एका इंजिनिअरच्या नजरेस नळी आली. त्याने साउदॅम्प्टनला नोकरी सोडली आणि इंग्लंडच्या अधिकाऱ्यांना कळवले. जहाजावर मात्र वरिष्ठांनी नळी काढून टाकली आणि हाताखालच्यांना खोटे सांगण्याचा हुकूम दिला. त्या इंजिनिअरला कोर्टाने दहा लाख डॉलर्स इनाम दिले. अमेरिकेच्या कायद्यात दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम खबर देणाऱ्याला देता येते.

इनामाबद्दल आमच्या मनात थोडी शंका आहे. पैशासाठी दिलेली गवाही वेगळी आणि इन्साफासाठी दिलेली वेगळी. काही जहाजांवर इनामाच्या लोभाने पुरावा जमवत बसणारे आणि गळती चालू असताना गप्प राहणारेही निघू शकतात. पण हाताखालच्या पोराला खोटी सही करायला सांगणारा चीफ इंजिनिअर आणि नंतर त्याच सहीसाठी परदेशी कोठडीत बसणारे ते पोर, हा हिशोब पाहिला की कायद्याने त्या पोराच्या बाजूला काहीतरी वजन टाकले हे बरेच झाले असे वाटते. आपल्या मुलांना आमचे सांगणे साफ आहे. जे तुम्ही केले नाही, पाहिले नाही, त्यावर सही करू नका. वरच्याने सांगितले ही सबब परदेशी कोर्टात चालत नाही, आणि वरही चालायची नाही.

म्हणजे आमच्या मते रेघ कुठे ओढायची ते वाचकांच्या लक्षात आले असेल. वायर ढिली राहणे हा पहाऱ्यावरच्या माणसाचा गुन्हा नाही. उभ्या जहाजावर दुसरे काही येऊन आदळणे हाही नाही. खोटी वही हा गुन्हा आहे, नियत ठेवून केलेला. ‘वाकाशिओ’ मधे कुठेतरी पडते. तिथे माणसाला सजा द्या, पण सजा दिली म्हणून चौकशीचे दप्तर बांधून ठेवू नका.

आता मालवाल्यांकडे. जहाजाच्या चौकशीशी आपला काय संबंध, माल विम्याचा आहे, असे म्हणणारे बाजारात पुष्कळ आहेत, आणि विमाही न उतरवणारे त्यांच्याहून पुष्कळ. त्यांच्यासाठी ‘एव्हर गिव्हन’ची आठवण पुरे. 23 मार्च 2021 रोजी हे चारशे मीटरचे जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले. खलाशी पंचवीस, सगळे भारतीय. सहा दिवसांनी जहाज सुटले, पण कालव्याच्या अधिकाऱ्यांनी आधी 91 कोटी डॉलर्सहून जास्त रक्कम मागून ते अडकवून ठेवले. मागणी पुढे उतरली, तडजोड झाली आणि 7 जुलैला जहाज निघाले. त्यावर अठरा हजारांहून जास्त कंटेनर होते. उन्हाळ्याचा माल पावसाळ्यात पोचल्यावर त्याचे काय होते ते कपडेवाल्याला विचारा. शिवाय जहाजमालकाने ‘जनरल अॅव्हरेज’ जाहीर केले. हा शब्द आपल्या प्रत्येक आयातदाराला ठाऊक हवा. अर्थ असा की जहाज व माल वाचवण्यासाठी जो असाधारण खर्च झाला, तो जहाजमालक आणि सारे मालवाले यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. कल्पना जुनी आहे. बुडू घातलेले जहाज हलके करायला कोणाचा माल समुद्रात फेकला तर नुकसान कोणी सोसायचे, यावर आपल्या फिकहच्या ग्रंथांतूनही चर्चा आहे. आजचा व्यवहार असा की हमीपत्र किंवा ठेव दिल्याशिवाय कंटेनर सुटत नाही. विमा असेल तर हमी विमा कंपनी देते. नसेल तर रोख मोजा, आणि तुमच्या मालाला ओरखडाही आलेला नसला तरी मोजा. ‘डाली’च्या मालकांनीही एप्रिल 2024 मध्ये हेच जाहीर केले होते.

पण हा वाटा प्रत्येक वेळी द्यावाच लागतो असे नाही, आणि इथेच चौकशी कामाला येते. 17 मे 2011 रोजी ‘सी.एम.ए. सी.जी.एम. लिब्रा’ हे कंटेनर जहाज चीनच्या शियामेन बंदरातून निघताना रुतले. सुटकेचा खर्च वाटून घेण्याची मागणी आली. बहुतेक मालवाल्यांनी दिली. थोड्यांनी नकार दिला आणि ते इंग्लंडच्या कोर्टात लढले. मुद्दा एकच होता. ठरलेल्या वाटेबाहेरची खोली नकाशात दाखवली आहे त्यापेक्षा कमी असू शकते, असा इशारा नाविकांना आधीच दिलेला होता, आणि तो जहाजाच्या प्रवासयोजनेत व नकाशावर टिपलेला नव्हता. नोव्हेंबर 2021 मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सदोष प्रवासयोजना घेऊन निघालेले जहाज समुद्रात जाण्यास लायक नव्हते, जबाबदारी मालकाची आहे, मालवाल्यांनी वाटा देण्याचे कारण नाही. नकाशावर पेन्सिलीने एक ओळ लिहिली नाही, आणि मालकाला लाखो डॉलर्सवर पाणी सोडावे लागले. अपघाताचे कारण नीट शोधले गेले नसते, सारे खापर सुकाणूवरच्या माणसावर फुटून प्रकरण मिटले असते, तर नकार देणाऱ्यांच्या हाती काय राहिले असते?

म्हणून चौकशीने माणसाच्या पाठीमागे पाहिलेच पाहिजे. ‘डाली’च्या चौकशीत मंडळाने वायरीपाशी थांबणे पसंत केले नाही. दुसऱ्यांदा वीज गेली ती का, तर जनरेटरला इंधन देण्यासाठी भलताच पंप वापरात होता आणि तो वीज परतल्यावर आपोआप चालू होत नव्हता. कंपनीच्या देखरेखीवर त्यांनी बोट ठेवले. एवढेच नव्हे, तर अमेरिकेतल्या 68 पुलांची यादी मार्च 2025 मध्येच काढून, मोठे जहाज आदळले तर हे टिकतील का ते तपासा, असे पुलांच्या मालकांना सांगितले. म्हणजे ज्यांचा पूल पडला त्यांनाही प्रश्न विचारला. याला आम्ही चौकशी म्हणतो.

आपल्या देशालाही आता हा आरसा समोर आला आहे. 25 मे 2025 रोजी ‘एम.एस.सी. एल्सा 3’ हे लायबेरियाच्या झेंड्याचे जहाज कोचीजवळ 640 कंटेनरसह बुडाले. चोवीस खलाशी होते, बहुतेक फिलिपिनो, कप्तान रशियन. अल्लाहच्या मेहेरबानीने सगळे वाचले. केरळच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकचे दाणे पसरले, कोळ्यांचा हंगाम गेला, राज्य सरकारने 9,531 कोटी रुपयांचा दावा लावला. तो लावायलाच हवा होता. पण पोलिसांनी मालकाबरोबर कप्तान आणि खलाश्यांवरही गुन्हा नोंदवला, आणि कप्तानासह काहीजणांना कोचीत थांबावे लागले. आपल्या कप्तानाला कोरियात अडकवले तेव्हा आपण निदर्शने केली. आता फिलिपिन्समधली कोणी आई तिच्या गावात आपल्याविषयी काय बोलत असेल? जो इन्साफ आपण परदेशात मागतो तो आपल्या बंदरात आधी द्यायला नको का? ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने जुन्या 1958 च्या कायद्याच्या जागी नवा व्यापारी नौकानयन कायदा मंजूर केला आहे. जहाजवाहतुकीचे महासंचालनालय मुंबईतच बसते. अपघाताच्या चौकशीचे अहवाल वेळेवर आणि साध्या भाषेत लोकांसमोर यावेत, अशी मागणी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी करायला हरकत नाही.

शेवटी काही कामाच्या गोष्टी. मुलगा जहाजावर जाणार असेल तर एजंटकडे महासंचालनालयाचा भरतीचा परवाना आहे की नाही ते आधी पाहा. परवान्याशिवाय पाठवणाऱ्याचे जहाज अडकले की एजंटचा फोन बंद होतो आणि मालक सापडत नाही. परदेशी बंदरात जबानी द्यायची वेळ आली तर कळत नसलेल्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही. दुभाष्या मागायचा, भारतीय वकिलातीला आणि आपल्या युनियनला कळवा म्हणायचे, आणि ही जबानी सुरक्षेच्या चौकशीसाठी आहे की पोलिसांसाठी, हे विचारून घ्यायचे. अपघातानंतर खलाश्यांना न्यायाने वागवावे, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे 2006 पासून आहेत. त्यांची एक प्रत मुलाच्या पिशवीत असू द्यावी. मालवाल्यांनी बिल ऑफ लेडिंगवरचे जहाजाचे नाव नुसते वाचून फाईलला लावू नये. भारी अपघात झाला तर झेंड्याच्या देशाला आपला अहवाल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे पाठवावा लागतो. दावा मिटवण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो अहवाल आला का, त्यात काय आहे, हे क्लिअरिंग एजंट आणि विमा सर्व्हेअर यांना विचारावे. कोकणातल्या आपल्या जमातींत निवृत्त कप्तान आणि चीफ इंजिनिअर काही कमी नाहीत. वर्षाला असे दोन-चार अहवाल वाचून त्यांचा सारांश त्यांनी मराठीत आणि उर्दूत लिहून दिला, तर तो या पानावर छापण्यास संपादकांची हरकत असणार नाही, असे आम्ही त्यांच्या वतीने सांगून टाकतो.